भाड्याचा सिनेमा कॅमेरा आणि पहिला माहितीपट: एफएक्स६ काउंटरवरून उचलण्यापासून परत करेपर्यंत

माहितीपटाला रीटेक नसतो. मुंबईच्या ससून डॉकवर पहाटे मासळीचा लिलाव पुकारणारी बाई तुमचं कार्ड भरलं म्हणून बोली थांबवणार नाही. म्हणून आदल्या दिवशी जे ठरवता येतं ते सगळं ठरवून टाकायचं. शूटच्या दिवशी हातात फक्त तीन गोष्टी उरल्या पाहिजेत: एनडी (उजेड कमी करणारा काळसर फिल्टर), फोकस आणि आवाजाची पातळी. बाकी मेन्यूत शिरायची वेळच येता कामा नये. खालची सगळी उठाठेव त्यासाठीच.

इथे उदाहरण सोनी एफएक्स६चं घेतलं आहे. २०२०च्या नोव्हेंबरमध्ये आलेला हा फुल-फ्रेम कॅमेरा ई-माउंटचा आहे आणि नुसती बॉडी ८९० ग्रॅमची. अंधेरी-ओशिवऱ्याच्या रेंटल हाऊसमध्ये तो सहज मिळतो, पण निवडीचं कारण ते नाही. एकट्यादुकट्याने शूट करणाऱ्याला तीन गोष्टी लागतात: आत बसवलेला एनडी, व्यवस्थित एक्सएलआर इनपुट (व्यावसायिक माइकची तीन पिनांची जोडणी) आणि अंधारात टिकणारा सेन्सर. कॅननचा सी७०ही या कामाला चांगला आहे. पण एनडी नसलेली स्वस्त बॉडी घेऊन मॅटबॉक्स (लेन्सपुढे फिल्टर धरणारी चौकट), फिल्टर आणि वेगळा साउंड रेकॉर्डर जोडत बसलात, तर भाडंही वाढतं आणि सेटअप इतका जड होतो की चाळीच्या जिन्यावर वळतासुद्धा येत नाही.

लेन्स एकच घ्यायची असेल तर २४-१०५ एमएमची एफ/४ झूम (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त). दुसरी परवडली तर ३५ एमएम एफ/१.८, छोट्या अंधाऱ्या खोल्यांसाठी. पहिल्याच शूटला सिने प्राइमचा (झूम न होणाऱ्या सिनेमा लेन्सचा) सेट मागवू नका. लेन्स बदलण्यात प्रसंग निघून जातो.

काउंटरवरचा एक तास

बुकिंग करतानाच सांगून ठेवा की टेस्ट घेऊन मगच माल उचलणार. चांगलं हाऊस याला कधी नाही म्हणत नाही. ओळखपत्र, पॅन आणि बहुतेक ठिकाणी अनामत रक्कम किंवा चेक लागतो. भाडं शिफ्टवर ठरतं. अटेंडंट सोबत येणार असेल तर त्याची शिफ्ट, प्रवास आणि जेवण कोणाकडे, हे आधीच बोलून घ्या. अटेंडंट न घेतल्यास मोडतोडीची जबाबदारी सरळ तुमची असते, तेव्हा विमा आहे का आणि त्यात काय धरलं आहे ते विचारा.

चलन (दिलेल्या मालाची यादी) हातात आलं की एकेक वस्तू सीरियल नंबरशी ताडून पाहा: बॉडी, हँडल, ग्रिप, एलसीडी, बॅटऱ्या, चार्जर, कार्ड, रीडर. रीडरकडे विशेष लक्ष द्या. हा कॅमेरा सीएफएक्स्प्रेस टाइप ए कार्ड घेतो, आणि घाईत पिशवीत टाइप बीचा रीडर पडला तर संध्याकाळी फुटेज उतरवायलाच काही नाही. जुने ओरखडे, एलसीडीवरची रेघ, माउंटची कड यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

मग बॅटरी लावून पहिलं काम: मेन्टेनन्सच्या मेन्यूतून ऑल रीसेट. आधीच्या भाडेकरूने काय करून ठेवलंय ते कळायला मार्ग नसतो. कोणी एखाद्या बटणाला भलतंच काम नेमलेलं असतं, कोणी एलसीडीवर स्वतःचं एलयूटी (चित्राचे रंग बदलून दाखवणारी सेटिंग) सोडून गेलेला असतो, कोणी एस अँड क्यू (स्लो अँड क्विक, म्हणजे चित्र संथ किंवा वेगवान करणारा) मोड चालू ठेवलेला असतो. या शेवटच्याची धास्ती जास्त, कारण एस अँड क्यूमध्ये आवाज रेकॉर्डच होत नाही. चित्र व्यवस्थित दिसतं, ऑडिओ मीटर डोळ्यांसमोर नसेल तर कोणाच्याच लक्षात येत नाही, आणि दोन तासांची मुलाखत मुकी निघते. रीसेटनंतर तारीख, वेळ आणि टाइमझोन भरा.

सेन्सरवरची धूळ बघायला लेन्स एफ/१६ वर न्या, फोकस मुद्दाम घालवा आणि पांढऱ्या भिंतीचं अर्धं मिनिट रेकॉर्ड करा. एकदा एनडी क्लिअरवर (फिल्टर बाजूला), एकदा एनडी लावून. काळा ठिपका दोन्हींत एकाच जागी दिसला तर तो सेन्सरवर आहे, फक्त एनडीत दिसला तर फिल्टरवर. दोन्ही वेळा हाऊसकडूनच साफ करून घ्या, फुंकर मारू नका. त्यानंतर एनडी १/४ (चौथा हिस्सा उजेड) पासून १/१२८ पर्यंत सावकाश फिरवून चित्र एकसारखं गडद होतं का पाहा. दोन्ही स्लॉटमध्ये एकेक मिनिट रेकॉर्ड करा, दोन्ही एक्सएलआरला माइक लावून बोला आणि हेडफोनवर परत ऐका. नुसतं मीटर हललं म्हणजे आवाज नीट आला असं नाही. घरघर मीटरलाही हलवते.

बाहेरचा मॉनिटर एसडीआयने (चित्र बाहेर नेणारी जोडणी, तिची केबल म्हणजे बीएनसी) जोडणार असाल तर आधी त्याला पॉवर द्या, बीएनसी केबल सगळ्यात शेवटी लावा. काढताना उलट, आधी बीएनसी. हा क्रम चुकला तर वीज केबलच्या शिल्डमधून वाट काढते आणि कॅमेऱ्याचं एसडीआय पोर्ट जळू शकतं. असला खर्च अनामतीतून वळता होतो.

मेन्यू एकदाच लावा

फ्रिक्वेन्सी २५. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून ट्यूबलाइट आणि बरेचसे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. २५ फ्रेमला १/५० शटर ठेवलं की हे लुकलुकणं चित्रात दिसत नाही. कोणाला २४चाच हट्ट असेल तर शटर अँगल (शटरची वेळ अंशांत मोजायची पद्धत) १८० न ठेवता १७२.८ अंश ठेवा, म्हणजे शटर पुन्हा १/५० होतं. स्टेशनवरचे इंडिकेटर मात्र या हिशेबात बसत नाहीत. त्यांच्यात पट्टे दिसले तर ईसीएस (शटरचा वेग बारीक-बारीक बदलायची सोय) चालू करून पट्टे थांबेपर्यंत आकडा हळूहळू सरकवा, आणि तो शॉट झाला की परत १/५० वर या.

कोडेक (चित्र साठवायची पद्धत) एक्सएव्हीसी-आय, आकार क्यूएफएचडी, म्हणजे यूएचडीच. कार्डावर जागा वाचवायला एक्सएव्हीसी-एल निवडायचा मोह होतो. पण या कॅमेऱ्यात एल घेतलं की यूएचडीचं चित्र ८ बिट ४:२:० होतं, म्हणजे रंगांच्या छटा कमी साठतात. लॉगमध्ये (नंतर रंग सुधारण्यासाठी ठेवलेल्या फिक्या चित्रात) शूट करून ग्रेडिंगला (रंग सुधारायला) बसलात की आकाशात पायऱ्या पडलेल्या दिसतात. आय मध्ये १० बिट ४:२:२ मिळतं. २५ फ्रेमला डेटा सेकंदाला २५० मेगाबिट, म्हणजे तासाला साधारण ११२ जीबी. १६० जीबीच्या कार्डावर सव्वा तासाहून थोडं जास्त बसतं. दोन्ही स्लॉटवर एकाच वेळी रेकॉर्डिंग लावा. एक कार्ड दगा दिलं तरी दुसरं असतं. सीएफएक्स्प्रेस महाग पडत असेल तर व्ही९० (वेगवान वर्गाची) एसडी कार्ड याच स्लॉटमध्ये चालतात. फॉरमॅट कॅमेऱ्यातच करा, लॅपटॉपवर नाही.

आता लॉग की नाही. कलरिस्ट (ग्रेडिंग करणारा) ठरलेला नसेल, संकलन तुम्हीच करणार असाल आणि महिनाभरात फिल्म द्यायची असेल, तर एस-सिनेटोन (कॅमेऱ्यातच तयार रंग देणारी सेटिंग) वापरा आणि मोकळे व्हा. त्वचेचा रंग सुरेख येतो. ग्रेडिंगला वेळ आणि माणूस असेल तरच सिने ईआय मोड आणि एस-लॉग३ (सोनीचा लॉग). लॉगमध्ये बेस आयएसओ (सेन्सरची मूळ संवेदनशीलता) दोनच: ८०० आणि १२,८००. अधलीमधली ईआय (एक्स्पोजर इंडेक्स) ही नुसती दिसण्यापुरती बदलते, रेकॉर्ड होणारं चित्र बेसवरच राहतं. हे न कळल्यामुळे नवखे ईआय ३२०० करतात, मॉनिटरवर चित्र उजळ दिसतं, मग आयरिस (लेन्सचं उजेड घेणारं छिद्र) कमी करतात आणि घरी गेल्यावर सावल्यांत वाळू सांडल्यासारखा नॉइझ सापडतो. करायचं तर उलट करा: बेस ८०० ला ईआय ४००. मॉनिटर एक स्टॉप (उजेड निम्मा किंवा दुप्पट होण्याचं माप) काळा दिसतो, तुम्ही एक स्टॉप जास्त उजेड देता, सावल्या स्वच्छ राहतात.

वेव्हफॉर्म (चित्राचा उजेड टक्क्यांत दाखवणारा आलेख) चालू ठेवा. एस-लॉग३मध्ये मध्यम करडा ४१ टक्क्यांवर आणि पांढरा कागद ६१ वर येतो. ९४च्या आसपास चित्र फुटतं. सावळ्या चेहऱ्याचा उजळ भाग ४० ते ५०च्या दरम्यान असला की पुरे. गोऱ्या त्वचेसाठी सांगितलेले झेब्राचे (ठरावीक उजेडावर पट्टे दाखवणाऱ्या खुणेचे) आकडे इथे जसेच्या तसे लावलेत, तर चेहरा उजळ करायच्या नादात मागची खिडकी जाते.

एनडी हाच तुमचा गिअर

शिकून घेण्यासारखी एकच गोष्ट निवडायची झाली तर ही. या कॅमेऱ्याचा एनडी इलेक्ट्रॉनिक आहे आणि १/४ ते १/१२८ सलग बदलतो, म्हणजे दोन ते सात स्टॉप. आयरिस आणि शटर जागेवर, उजेड फक्त एनडीने सांभाळायचा. फोकसची खोली बदलत नाही, हालचालीचा पोतही बदलत नाही. पण क्लिअर आणि १/४ यांच्यामध्ये काहीच नाही. तिथे काच प्रत्यक्ष सेन्सरपुढे सरकते, आणि शॉट चालू असताना केलंत तर ते चित्रात दिसतं. म्हणून जिथे उजेड बदलणार हे माहीत आहे, तिथे शॉट सुरू होण्याआधीच एनडी १/४ वर आणून ठेवा. चाळीतल्या खोलीतून माणूस गॅलरीत येणार असेल तर आत १२,८०० बेस आणि एनडी १/४, बाहेर येता येता १/६४ कडे. सावलीतल्या गॅलरीपर्यंत हे निभतं. भर उन्हात १२,८०० वर एनडी पूर्ण लावूनही चित्र जळतं, त्यामुळे माणूस अंगणात उतरणार असेल तर शॉट दोन तुकड्यांत घ्या.

ससून डॉकची सकाळ यासाठी नमुनेदार आहे. पहाटे पाचला दिव्यांच्या उजेडात १२,८०० लागतं. उजाडू लागलं की एनडी वाढवत जा. तो १/६४ ला पोचला की कट करा आणि बेस ८००, एनडी १/४ करा. दोन्ही बेसमध्ये चार स्टॉपचं अंतर आहे, म्हणून एक्स्पोजर जसंच्या तसं राहतं आणि पुढे चढत्या उन्हासाठी पूर्ण एनडी मोकळा मिळतो. भर उन्हात ८०० आणि एफ/४ ला १/१२८ सुद्धा थोडा कमी पडतो, तेव्हा आयरिस एफ/५.६ ते एफ/८ करायला लाजू नका.

फोकससाठी चेहरा ओळखणारा ऑटोफोकस बिनधास्त वापरा. फक्त गर्दीच्या ठिकाणी विषय बदलण्याची संवेदनशीलता सगळ्यात कमी करा, नाहीतर समोरून टोपली घेऊन जो कोणी जाईल त्याच्यावर फोकस उडी मारतो. बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही. २४-१०५मध्ये आहे, ते चालू असल्याची खात्री करा.

आवाज

चित्र थोडं हललेलं प्रेक्षक चालवून घेतो, बोललेलं कळलं नाही तर फिल्म बंद करतो. त्यामुळे भाड्याचं बजेट तुटपुंजं असेल तर लेन्सवर वाचवा, माइकवर नको.

एफएक्स६चे एक्सएलआर वरच्या हँडलमध्ये आहेत. गिम्बलवर (कॅमेरा स्थिर धरणाऱ्या दांड्यावर) चढवायला हँडल काढलंत की एक्सएलआर गेले, हे धरूनच बेत करा. चॅनेल १ ला बूम (दांडीवरचा माइक) किंवा शॉटगन (एकाच दिशेचा लांब माइक), चॅनेल २ ला कॉलर माइक, ३ आणि ४ ला कॅमेऱ्याचा आतला माइक राहू द्या, सिंकला (चित्र आणि आवाज जुळवायला) उपयोगी पडतो. शॉटगनला एमआयसी+४८व्ही (माइकला कॅमेऱ्यातून वीज देणारी जागा), वायरलेस रिसीव्हरला त्याच्या आउटपुटप्रमाणे एमआयसी किंवा लाइन. लाइनच्या पातळीचा (माइकपेक्षा जोरदार) आवाज एमआयसीत घातला की तो फाटतो, आणि एकदा फाटलेला आवाज कोणी शिवून देत नाही. ऑटो लेव्हल बंद. नेहमीच्या बोलण्याची टोकं उणे १२ डीबीच्या आसपास. लिलाव, भजन, मोर्चा असेल तर उणे २० वर बांधून सुरुवात करा.

कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर. साडी नेसलेल्या बाईला माइक लावताना मंगळसूत्र कुठे पडतं ते आधी बघा. मणी माइकवर आपटले की प्रत्येक वाक्यात टकटक येते. पदराच्या आतल्या बाजूने, ब्लाउजच्या काठाला मेडिकल टेपने चिकटवा आणि वायरीची एक छोटी वळी करून तीही टेपने बांधा, म्हणजे ओढ माइकपर्यंत पोचत नाही. कडक कॉटन आणि नवी सिल्क दोन्ही खसखसतात. शक्य असेल तर धुऊन मऊ झालेली साडी नेसायला सांगा. आणि माइक तुम्ही न लावता, कसा लावायचा ते दाखवून बाईंना स्वतःलाच लावू द्या किंवा टीममधल्या मुलीकडे ते काम द्या.

२.४ गिगाहर्ट्‌झचे छोटे वायरलेस सेट दादरच्या पुलावर किंवा खचाखच वस्तीत मध्येच तुटतात. ट्रान्समीटरमध्येच रेकॉर्डिंग होणारा सेट घ्या, नाहीतर मुलाखतीला सरळ केबल. खोलीतला पंखा बंद, फ्रिज बंद. बंद केलेल्या फ्रिजमध्ये तुमची गाडीची किंवा घराची किल्ली ठेवा, म्हणजे निघताना तो पुन्हा चालू करायचं विसरणार नाही. साउंडवाल्यांची ही जुनी युक्ती आहे आणि लोकांचं दूध तिच्यावर वाचलं आहे. रुळांलगतच्या घरात गाड्या थांबवता येत नाहीत. गाडी जाईपर्यंत थांबा आणि बोलणाऱ्याला वाक्य पहिल्यापासून घ्यायला सांगा. शेवटी कोणी काही न बोलता मिनिटभर नुसता खोलीचा आवाज घ्या.

परवानग्या

हातातल्या छोट्या कॅमेऱ्याकडे कोणी बघत नाही, ट्रायपॉड उघडला की पाच मिनिटांत कोणीतरी विचारायला येतं. सार्वजनिक जागांसाठी गोरेगावच्या चित्रनगरीच्या महामंडळाची एक खिडकी योजना आहे. रेल्वेसाठी मध्य आणि पश्चिम रेल्वेच्या जनसंपर्क विभागांकडे वेगवेगळे अर्ज करावे लागतात, एकाची परवानगी दुसरीकडे चालत नाही. ससून डॉक मुंबई बंदर प्राधिकरणाच्या हद्दीत येतो, तिथे कागद हातात असल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढू नका आणि शेजारच्या नौदलाच्या परिसराकडे वळवू तर मुळीच नका. ड्रोनचा विषय पूर्ण वेगळा आहे, पहिल्या फिल्ममध्ये तो नसलेलाच बरा. ज्यांना चित्रित करता त्यांचं संमतीपत्र मराठीत असू द्या, त्यांना ते वाचता आलं पाहिजे.

दमट हवा, पाऊस, खारं पाणी

एसी गाडीतून किंवा एसी ऑफिसातून कॅमेरा बाहेर काढला की लेन्सवर धुकं बसतं. पुसून उपयोग नाही, ते पुन्हा येतं, आणि आतल्या काचेवर बसलं तर पुसताच येत नाही. बॅग बंद ठेवूनच बाहेर आणा, अर्धा-पाऊण तास तशीच राहू द्या, मग उघडा. पाचचा लिलाव असेल तर सव्वाचारला पोचायचं कारण हेच.

पावसात कव्हर घाला, पण गच्च गुंडाळू नका. कॅमेऱ्याला पंखा आहे, त्याची हवा यायला-जायला खालून जागा हवी. डॉकवरून आल्यावर गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने बॉडी आणि ट्रायपॉड पुसा, मग कोरड्या फडक्याने. ट्रायपॉडचे पाय लांबवून पुसा, मासळीचं पाणी आत सुकलं की लॉक कुरकुरतात आणि पुढचा भाडेकरू वासावरून ओळखतो तुम्ही कुठे शूट केलंत ते. लेन्स रात्री बॅगेत नकोत. स्वतःची लेन्स असेल तर आर्द्रता ४० ते ५० टक्के राखणारी ड्राय कॅबिनेट घ्या, मुंबईत एका पावसाळ्यात बुरशी धरते.

बॅटऱ्यांचा हिशेब सोपा आहे. कॅमेरा साधारण १८ वॅट खातो. बीपी-यू३५ दीड तासाच्या आसपास चालते, बीपी-यू७० तीन-साडेतीन तास. १२ तासांच्या शिफ्टला तीन यू७० घ्या आणि चार्जर सोबत ठेवा. मॉनिटरची बॅटरी वेगळी.

फुटेज उतरवणं

कार्ड भरलं की लगेच त्याचं लॉक किंवा टेप. एसडी कार्डाला लॉकची खाच असते, सीएफएक्स्प्रेसच्या डबीवर लाल टेप लावा. लाल टेप म्हणजे भरलेलं, हा नियम टीममधल्या सगळ्यांना माहीत हवा, चहा आणणाऱ्या मुलालाही.

कॉपी करताना फक्त क्लिप ओढून घेऊ नका. कार्डावरचा सगळा फोल्डर जसाच्या तसा उचला, कारण मेटाडेटा आणि क्लिपची माहिती वेगळ्या फायलींत असते. गायरोचा (कॅमेऱ्याच्या हालचालीच्या नोंदीचा) डेटाही क्लिपसोबत जातो आणि पुढे सोनीच्या कॅटलिस्ट ब्राउझमध्ये हललेला शॉट स्थिर करायला लागतो. प्रत्येक कार्डाला तारीख आणि क्रमांकाचं फोल्डर. कॉपी-पेस्ट न करता चेकसम (प्रत मूळ फाइलशी तंतोतंत जुळते का ते सांगणारा आकडा) तपासणारं साधन वापरा. दाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीतलं क्लोन टूल हे काम करतं. दोन वेगळ्या एसएसडींवर दोन प्रती, आणि त्या एसएसडी दोन वेगळ्या माणसांच्या बॅगेत. तीन तासांचं फुटेज असेल तर एका प्रतीला साधारण ३४० जीबी, तेव्हा एक टीबीच्या दोन एसएसडी पुरतात. मग प्रत्येक ड्राइव्हवरच्या तीन-चार क्लिप सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी उघडून पाहा, आवाजासकट.

कॅमेरा परत करताना चलनावर पुन्हा एकेक वस्तूची खूण करून सही घ्या. भाड्याची कार्डं असतील तर ती या तपासणीनंतरच द्या. हाऊसमध्ये पोचल्या पोचल्या काउंटरवरचा मुलगा कार्ड फॉरमॅट मारतो, पुढची पार्टी दारात उभी असते.